घरच्या डावाची तयारी

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढले आणि त्याच्या आसऱ्याने बिबट्याचा वावरही वाढला, तेव्हापासून दिवेलागणीनंतर निष्कारण घराबाहेर पडण्याची रीत पुष्कळच कमी झाली आहे. मळ्यात वस्ती करून राहणारी कुटुंबे अंधार पडण्यापूर्वीच दारे लावून घेतात, आणि जेवणे उरकल्यापासून झोपेपर्यंतचा जो अवकाश उरतो, तो बहुतेक ठिकाणी मोबाइलच्या हवाली होतो. काही घरांत मात्र पत्त्यांनी आपली जागा राखून ठेवली आहे. पुण्यात नोकरी करणारी तरुण दांपत्ये शनिवार-रविवारी गावी येऊ लागल्यापासून मेंढीकोट, तीनशेचार आणि बदामसात यांच्या शेजारी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ किंवा ‘पोकेमॉन’ यांसारखे नवे प्रकारही सतरंजीवर येऊन बसले आहेत. या प्रकारांत दोघांचा कॅट एक नसतो. प्रत्येकाने आपापला कॅट आधीच रचून आणायचा असतो. साहजिकच, जो वारंवार हरतो त्याला खेळापेक्षा कॅटचाच संशय येतो, आणि तो सुधारण्याच्या निमित्ताने दुकानाची वाट धरली जाते. ही वाट चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडील जुन्या खेळांत हा प्रश्नच उद्भवत नसे. सन १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा, म्हणजे त्या काळचे पत्ते, पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे महाराष्ट्रात ९६ पानांची चंगकांचनी आणि १२० पानांची दशावतारी गंजिफा रूढ झाली, आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती रंगविण्याची कला आजपावेतो जिवंत ठेवली. दशावतारीत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. त्यांतही निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ. दिवसा रामाने आरंभ करायचा आणि रात्री कृष्णाने. इतका गुंतागुंतीचा व्यवहार केवळ स्मरणशक्तीच्या जोरावर चालत असे. जोड सर्वांचा एकच असल्यामुळे श्रीमंताला गरिबाहून चांगला राजा विकत घेता येत नव्हता, आणि हरणाऱ्याला सुधारण्यासारखी एकच वस्तू उरत असे, ती म्हणजे स्वतःचे लक्ष.

अमेरिकेतील रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ साली ‘मॅजिक’ बाजारात आणले आणि ही समता मोडली. पण समता मोडताना त्याने बुद्धीला एक नवे क्षेत्र खुले करून दिले, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कॅटमध्ये किमान ६० पाने असावीत, आणि खेळायला शक्ती पुरविणारी मूळ जमिनीची पाने वगळता एकाच नावाची चारांहून अधिक पाने नसावीत, एवढी शर्त पाळून हजारो पानांतून निवड करायची. म्हणजे अर्धा डाव पाने वाटण्यापूर्वीच खेळून झालेला असतो. कमाल मर्यादेचे बंधन व्यवहारतः नसल्यामुळे नवशिका खेळाडू आवडलेले प्रत्येक पान आत घालीत जातो आणि त्याचा कॅट सत्तर-ऐंशी पानांवर जाऊन पोहोचतो. येथेच त्याच्या पराभवाचे बीज असते.

हिशेब अगदी साधा आहे. एका उत्तम पानाच्या चार प्रती ६० पानांत असतील, तर आरंभी हाती येणाऱ्या सात पानांत त्यांपैकी निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. त्याच चार प्रती ८० पानांत असतील, तर ती सुमारे ३१ टक्क्यांवर घसरते. वीस बरी पाने वाढवून खेळाडूने आपल्या सर्वोत्तम पानाची वाट अडवलेली असते. म्हणून हरणाऱ्याने प्रथम काय घ्यावे याचा विचार न करता काय काढावे याचा विचार करावा, आणि ६० हा आकडा किमान म्हणून दिला असला तरी तोच कमाल समजून चालावे.

दुसरी गोष्ट जमिनीच्या पानांची. बाकीची पाने खेळण्यास जी शक्ती लागते ती या पानांतून मिळते, आणि ६० पानांत सुमारे २४ जमिनी हे प्रमाण सर्वसाधारण कॅटला मानवते. परंतु जमिनीची पाने दिसायला नीरस, म्हणून ती पंधरा-सोळांवर आणायची आणि त्यांच्या जागी सहा-सात शक्ती मागणारे अजस्र राक्षस बसवायचे, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. विहिरीला पाणी किती याचा अंदाज न घेता पाच एकर उसाची लागण करणाऱ्याचे जे होते, तेच या खेळाडूचे होते. अशाने राक्षस हातात अडकून पडतात आणि समोरच्याची चिल्लर पाने डाव संपवून टाकतात.

ओतूरकडच्या एका घरी हे मी पाहिले आहे. यजमानांचा कॅट जाडजूड. बाईंचा नेमका साठ पानांचा, आणि त्यातील बहुतेक पाने एक-दोन शक्तींत खेळता येणारी. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत यजमानांच्या हातात तीन मोठी पाने जशीच्या तशी. “अहो, परत तोच राक्षस ठेवलात का?” बाईंनी विचारले. “अगं, एकदा तरी बाहेर येऊ दे त्याला,” यजमान म्हणाले. राक्षस काही बाहेर आला नाही. पुढच्या खेपेस त्यांनी पदरचा एक रुपयाही न घालता सगळी पाने सतरंजीवर पसरली, राक्षसांपैकी दोनच ठेवले, जमिनी वाढवल्या आणि समोरचे लहान पान लगेच मारता येईल अशी स्वस्त पाने जुन्या डब्यातून शोधून आत घातली. त्या रात्री तीनांपैकी दोन डाव त्यांचे झाले. बाईंनी त्याच रात्री आपल्या कॅटमधली चार पाने बदलली, हे सांगायलाच नको.

घरच्या डावाचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. स्पर्धेत शंभर अनोळखी माणसांचा विचार करावा लागतो; घरात एकाच माणसाचा, आणि तेही अंतर्बाह्य परिचयाच्या माणसाचा. तो उतावीळ आहे की धीमा, हातचे पान राखतो की पहिल्या संधीस टाकून मोकळा होतो, हे ज्ञान पत्त्यांच्या कुठल्याही पाकिटात विकत मिळत नाही. मात्र केवळ त्याच्यावर रोखलेला कॅट त्याने चाल बदलताच निकामी ठरतो; म्हणून एका वेळी पाच-सहाच पाने बदलावीत, आणि हरलेल्या प्रत्येक डावात शेवटी हातात कोणती पाने अडकली याचे टिपण ठेवावे. ज्या जुन्नरच्या हातकागदावर पेशव्यांच्या दफ्तरातील कारभार उतरला, तेथील मंडळींना एवढी नोंद ठेवणे जड जाऊ नये.

राहिला पैशाचा प्रश्न. पत्ते म्हणजे व्यसन, हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. सन १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले, १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, आणि तरीही मोबाइलवरील रमीपायी पैसा इतक्या घरांतून वाहून गेला की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालावी लागली. सतरंजीवरच्या या नव्या खेळात पण लावला जात नाही हे खरे. पण आत कोणते पान निघेल हे न कळता बंद पाकीट विकत घेणे हाही नशिबाचाच सौदा आहे, आणि नवऱ्याने दोन पाकिटे आणली म्हणून बायकोने चार आणायची, असा प्रकार सुरू झाला की कौशल्य बाजूला राहून थैलीची लांबी तेवढी मोजली जाते.

म्हणून दोघांनी आधीच तह करावा. घरातील सर्व पाने सामाईक समजावीत. कॅट दोघांचाही साठ पानांचा. नवी खरेदी वर्षातून ठरलेल्या रकमेची आणि दोघांच्या संमतीने. आणि जो हरेल त्याला सामाईक डब्यातून पाने निवडण्याचा पहिला हक्क. एवढे करूनही हार पत्करावी लागली, तर दुकानात जाण्यापूर्वी कॅटमधली पाच-सहा पाने बदलून पाहावीत. बहुतेकांना याहून अधिक काही करावे लागणार नाही.