प्रत आहे, पण उघडते का?

बेळगावातल्या वडगाव, शहापूर, खासबागच्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट अजून थांबलेला नाही, पण मागावर वाढलेल्या घरांतली मुले आता कोडही लिहितात. कुणाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असतो, कुणी ओळखीच्या दुकानदाराला बिलिंगचा प्रोग्रॅम करून देतो. त्यातला एखादा हुशार स्वतःच छोटी स्क्रिप्ट लिहितो: रात्री फोल्डर झिप करायचा, नावात तारीख घालायची आणि दुसऱ्या डिस्कवर टाकायचा. अशी घरगुती साधने हवीतच. मात्र सगळी अक्कल प्रत काढण्यावर खर्च होते आणि त्या प्रतीतून काम पुन्हा उभे करून बघायचे राहून जाते. माझ्या मते ते बघितल्याशिवाय त्या साधनाला बॅकअप म्हणूच नये.

हा निव्वळ नवशिक्यांचा दोष नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. प्रती राखण्याच्या पाच व्यवस्था होत्या. ऐन वेळी त्यातली एकही धड कामी आली नाही. रोजची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, त्यामुळे तो फसत होता, आणि फसल्याची ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हती. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेली प्रत सापडली, म्हणून निभावले. घरगुती स्क्रिप्टमध्ये हाच प्रकार वीस बाइटांच्या फाइलीत दिसतो. डेटाबेसचा पासवर्ड बदलला की डंप काढणारी कमांड फसते, पण तिला जोडलेली, फाइल दाबून लहान करणारी जीझिप मिळालेले काहीच नाही तेही इमानेइतबारे गुंडाळते. रोज रात्री नवी तारीख, नवी फाइल. आकाराच्या रकान्याकडे कोण बघतो? आपल्या सीमाभागात आणखी एक गोम आहे. ग्राहकांची नावे मराठीत आणि कन्नडमध्ये असतात, आणि कॅरेक्टर सेट चुकला तर परत भरलेल्या डेटात नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. इंग्रजी आकडे शाबूत राहतात, त्यामुळे उधारीची बेरीज बरोबर जुळते. फक्त उधारी कुणाची, ते कळत नाही.

गिटहब असताना ही उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. गिट उत्तमच आहे, पण ते आपण कमिट केले तेवढेच सांभाळते. पासवर्डांची फाइल, ग्राहकांचा डेटाबेस, अपलोड केलेली चित्रे या गोष्टी तिथे मुद्दामच टाकत नाहीत, टाकूही नयेत. आणि नेमक्या त्यांच्यावाचून प्रोग्रॅम अडतो. गूगल ड्राइव्हचे सिंक तर इथे पुसले की तिथलेही पुसते. कचरापेटीत सापडेल म्हणावे, तर तीही तीस दिवसांत रिकामी होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आरसिंक, रेस्टिक यांसारखी मुरलेली साधने फुकट असताना स्वतःचे कशाला घडवायचे? खरे आहे, प्रती काढण्याचे यंत्र नव्याने घडवू नयेच. पण आपल्या प्रोजेक्टला जगायला काय काय लागते, ही यादी कोणतेही तयार साधन देत नाही. घरगुती स्क्रिप्टने तेवढेच करावे: यादी धरावी, तयार साधनाला हाक मारावी, आणि रिकाम्या फोल्डरात सगळे परत मांडून प्रोग्रॅम सुरू होतो का ते पाहावे. फाइली साध्या झिपमध्ये असाव्यात, शेजारी चार ओळींची मराठी चिठ्ठी असावी. कारण स्क्रिप्ट लिहिणारा उद्या नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला जाणार, आणि दुकान इथेच राहणार.

प्रत कुठे ठेवायची, हेही इथल्या पावसाला विचारावे. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावात घरांत पाणी शिरले तेव्हा लॅपटॉप आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क यांच्यात अंतर काय होते? आणि एक प्रत कोल्हापूरच्या मावशीकडे ठेवली म्हणून निश्चिंत व्हावे, तर त्याच आठवड्यात कोल्हापूर पंचगंगेच्या पुराने वेढलेले होते आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. एक प्रत नदीखोऱ्याबाहेर हवी. इंटरनेटवरची चालेल, पण मग ती कुलूपबंद असावी आणि किल्ली दोघांकडे.

प्रत परत मांडून बघण्याची सवय कॉलेजातच लावता येईल. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच आहे. अखेरच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत जाडजूड अहवाल चाळण्याऐवजी परीक्षकाने विद्यार्थ्यापुढे कोरा संगणक ठेवावा आणि म्हणावे, तुझ्या प्रतीतून हे अर्ध्या तासात चालू करून दाखव. मुलांवर आधीच ओझे फार, असे शिक्षक म्हणतील. पण अहवालाची पाने कमी केली तर हा वेळ सहज निघतो. प्रयोगशाळेतले संगणक जुने आहेत, ही तक्रार तर येईलच. दुकानदाराचा संगणक त्याहून जुना असतो.