टायर बदलला, मीटरचं काय?

टायर झिजले की घरातले तरुण हमखास म्हणतात, "अब्बा, या वेळी जरा मोठे टायर टाकू या. खड्ड्यात गाडी घासणार नाही." गाडी रुबाबदार दिसते, उंचीही थोडी वाढते. पण समोरच्या मीटरला या बदलाची खबर नसते. ते जुन्याच चाकाचा हिशेब मांडत राहतं.

कारण मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघालेली केबल हे फेरे मीटरपर्यंत पोहोचवते, नव्या गाड्यांत सेन्सर. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे कारखान्यातच ठरवून दिलेलं असतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटर मात्र जुनाच आकडा धरून चालतं.

आपल्या गावोगावी दिसणाऱ्या बोलेरोचं उदाहरण घेऊ. तिच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं माप असतं. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास इंचांत. आता गणित : २१५ चे ७५ टक्के १६१.२५, वर आणि खाली मिळून ३२२.५. त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवा. चाकाचा व्यास ७०३.५ मिलिमीटर झाला. हौसेने २३५/७५ आर १५ टाकला, तर व्यास ७३३.५ होतो. फरक सव्वाचार टक्क्यांचा. आधी एका किलोमीटरला सुमारे ४५२ फेरे लागत, आता ४३४ पुरतात. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित जरूर करायला द्या.

म्हणजे मीटर आधी अचूक असेल, तर ते ८० दाखवत असताना गाडी ८३ च्या पुढे असते आणि १०० ला १०४ वर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींची मर्यादा १०० आहे. कॅमेरा खरा वेग बघतो, तुमचं मीटर नाही. दंडापेक्षा मोठी बाब ब्रेकची. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ८० च्या वेगात जिथे ३५ मीटर लागतात, तिथे आता ३८ लागतील. अचानक रस्त्यात आलेल्या मुलासाठी हे तीन मीटर फार असतात.

कंपन्यांना याची जाणीव असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं, थोडं जास्त दाखवलं तर चालतं. म्हणून पुष्कळ गाड्यांची मीटरं मुळातच जरा पुढे असतात. ही सवलत आपल्या सुरक्षिततेसाठी ठेवलेली असते. मोठा टायर ती गुपचूप खाऊन टाकतो.

किलोमीटरचा आकडाही मागे पडतो. मीटरवर ५०,००० दिसतील तेव्हा गाडी ५२,००० च्या वर धावलेली असेल. ऑइल बदलायला उशीर होतो. गाडी पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल किंवा डिझेल पिते असं वाटतं, पण त्यातला काही भाग निव्वळ मीटरचा भ्रम असतो. आणि गाडी विकताना? घेणारा मीटरवरचा आकडा बघून किंमत देतो. टायर मोठे आहेत आणि गाडी जास्त चालली आहे, हे त्याला सांगणं आपल्यावर आहे. मालातला दोष झाकून विकणं आपल्याकडे कुठल्या घरात शिकवत नाहीत.

तपासणी घरच्या घरी होते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मीटर बरोबर ६० वर धरा. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर जीपीएसचा वेग बघावा, चालवणाऱ्याने नाही. मोबाइल नसेल तर किलोमीटरचे दगड आहेतच. ६० च्या वेगाने पाच किलोमीटरला बरोबर पाच मिनिटं लागली पाहिजेत. ४ मिनिटं ४८ सेकंदच लागली, तर खरा वेग साडेबासष्ट आहे.

दुरुस्ती गाडीप्रमाणे. केबलच्या गाडीत गिअरबॉक्समधली केबल फिरवणारी छोटी दातेरी चकती बदलतात. मोठ्या टायरला कमी दातांची लागते. सेन्सरच्या गाडीत सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये आकडा सुधारणारं छोटं यंत्र बसवतात. काही मॉडेलांत कंपनीच्या सेंटरवर संगणकातून टायरचं नवं माप भरता येतं. दुरुस्तीनंतर पुन्हा तेच पाच किलोमीटर मोजून बघा. किलोमीटर मागे फिरवून देणाऱ्यापासून मात्र दूर राहा, ती दुरुस्ती नव्हे.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट. अनेक मोटारसायकलींत मीटरची केबल पुढच्या चाकाला असते. तिथे मागचा टायर जाड केला तरी मीटर बिघडत नाही, पुढचा बदलला तर बिघडतं.

सगळ्यात सोपा उपाय गॅरेजला जाण्याआधीचा. मोटारीत चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर सहसा एक पट्टी चिकटवलेली असते. त्यावर कंपनीने मान्य केलेली टायरची मापं आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. त्यातलंच माप घेतलं तर मीटरची चिंता उरत नाही. मुलगा तरीही मोठ्या टायरचा हट्ट धरील, तर त्याच्या हातात कागद-पेन द्या आणि म्हणा, "आधी व्यास काढून दाखव, मग पैसे."