काठी कुणी मागितली होती?

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं सांगितल्यावर आधी मी हसलेच. पहिली ते दहावी सोलापुरात कॉन्व्हेंटमध्ये गेली. 'अडुसष्ट' म्हणजे किती हे मला अजूनही मनात सिक्स्टी-एट म्हटल्याशिवाय कळत नाही! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. पण विषय असा आहे की इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिला असता तर जिच्याबद्दल लिहितेय तिलाच तो कळला नसता.

मागच्या वर्षीचं आपलं प्रोजेक्ट एक्झिबिशन आठवतंय ना? तीन ग्रुपनी 'स्मार्ट ब्लाइंड स्टिक' केली होती. त्यातला एक आमचा. पीव्हीसीचा पाइप, त्यावर अल्ट्रासॉनिक सेन्सर, आर्डुइनो, बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. समोर काही आलं की पीं पीं पीं. सर्टिफिकेट मिळालं, फोटो निघाले, रात्री हॉस्टेलवर मॅगी पार्टी झाली. परीक्षकांनी रेंज विचारली, ॲक्युरसी विचारली, कॉस्टिंग विचारलं. ही काठी कुणाला वापरायला दिली होती का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. बरंच झालं म्हणा, आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती काठी बॅगेत घालून मी मामाकडे गेले. मामाचं गाव माढा तालुक्यात. कुर्डुवाडीला उतरायचं, पुढे मिळेल ते वाहन. मामाची धाकटी चौथीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिला जन्मापासून कमी दिसतं. पुस्तक नाकाला लावलं तर मोठी अक्षरं दिसतात, फळा मात्र दिसत नाही. मी मोठ्या ऐटीत तिच्या हातात काठी दिली. ती अंगणातून गोठ्यापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "ताई, ही लई ओरडती. हिच्या आवाजात मला गाडी आल्याली कळंना."

मी म्हटलं, व्हॉल्यूम कमी करू. तर म्हणते, "मला वाट म्हाईत हाय की. फळ्यावरचं दिसत न्हाई, त्याचं काय तरी कर."

झालं! सहा महिन्यांचं प्रोजेक्ट अंगणात निकालात निघालं. तिला काठी नकोच होती. आम्हीच ठरवलं होतं की तिला काठी हवी आहे.

आता याच माढा तालुक्यातली दुसरी गोष्ट सांगते, ती तुम्हाला थोडीफार माहीत असेलच. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत 2009 मध्ये रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले, तेव्हा शाळेची पडकी इमारत एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली अशा मध्ये उभी होती. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड लावले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा. 2017 मध्ये राज्याने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं ठरवलं, पुढे एनसीईआरटीनेही तेच केलं. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिले. (3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिनही असतो.) आणि हो, हॉस्टेलवाल्यांनो, हे गुरुजी आधी इंजिनिअरिंगलाच गेले होते! तिथे जमलं नाही म्हणून वडिलांनी शिक्षक प्रशिक्षणाचा मार्ग सुचवला. केटी लागलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पण बातम्यांत जे मागे पडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विशेष गरजा असलेल्या मुलींसाठी त्यांनी त्या कोडच्या पुस्तकांना इमर्सिव्ह रीडर आणि फ्लिपग्रिड जोडलं होतं. इमर्सिव्ह रीडर म्हणजे मजकूर मोठा करणारं, एकेक ओळ वेगळी दाखवणारं, वाचून दाखवणारं साधन. फ्लिपग्रिडवर मुलं लिहिण्याऐवजी व्हिडिओतून बोलून उत्तर देऊ शकायची. त्याचं स्वतंत्र ॲप 2024 मध्ये बंद झालं. कंपनीच्या साधनावर शाळा उभी केली की हा धोका असतोच. पण विचार बघा. आधी मूल, मग त्याची अडचण, मग साधन. आमचं सगळं उलटं होतं. आधी सेन्सर आणला, मग त्याच्यासाठी गरजू माणूस शोधला.

धाकटीचं वाक्य डोक्यात ठेवून मी उरलेले आठ दिवस लॅपटॉप घेऊन बसले. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतं. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ते सुरू केलं, फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. त्यात मराठी आवाजही आहे. तो पहिल्यांदा ऐकल्यावर धाकटी म्हणाली, "ह्या माणसाला सर्दी झालीय का?" दुसऱ्या दिवशी मात्र सवय झाली, आणि तिसऱ्या दिवशी तिने त्याचा वेग माझ्या कानांना झेपणार नाही इतका वाढवला.

खरी फजिती टायपिंगला झाली. मी मराठी टाइप करते ती रोमनमधून, म्हणजे 'के ए' म्हटलं की 'का'. हे मला सोपं, कारण मी कॉन्व्हेंटची. तिने मराठीचा 'क' लिहायला आधी इंग्रजीचा 'के' शिकायचा, हा कुठला न्याय? मग मी स्वतः इन्स्क्रिप्ट शिकले. सरकारमान्य कीबोर्ड आहे, संगणकात आधीपासून असतो, आणि आपण त्याला हातही लावत नाही. त्यात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'जे'च्या बटणावर जो छोटा उंचवटा असतो ना, तिथे 'र' आहे. त्याच्या शेजारी 'क', पुढे 'त'. बोटाने उंचवटा शोधला की बघायची गरजच नाही. एका संध्याकाळी तिने 'कर', 'तर', 'रकत' असं काय काय लिहून त्या सर्दीवाल्याकडून वाचून घेतलं आणि लोळून लोळून हसली. चौथीतल्या मुलीला हे एका संध्याकाळी जमतं, मग पहिलीपासून 'संगणकाचे भाग सांगा' हे पाठ का करून घेतात? एका शाळेत मी असा संगणक पाहिलाय की ज्याच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर निघालेलंच नाही. खराब होईल म्हणून!

क्यूआर कोडचीही गंमत सांगते. हा कोड जपानच्या डेन्सो वेव्हने 1994 मध्ये गाड्यांच्या पार्टचा माग ठेवायला काढला होता. बालभारतीच्या पुस्तकात तो छापलेला असतो, पण ज्याला दिसत नाही त्याने तो पानावर शोधायचा कसा? आम्ही मामीच्या टिकल्यांचं पाकीट फोडलं. प्रत्येक कोडच्या कडेला एक मखमली टिकली. बोट टिकलीवर गेलं की मोबाइल तिथे धरायचा. आमच्या काठीपेक्षा हे शंभर पटीने जास्त उपयोगाचं ठरलं, आणि खर्च दहा रुपये.

आता जिथे मी हरले ते. मामाने सराव प्रश्नपत्रिकेची फाइल मिळवली, म्हटलं एनव्हीडीए वाचून दाखवेल. उघडल्यावर तो भलतीच इंग्रजी अक्षरं बरळायला लागला. फाइल युनिकोडमध्ये नव्हती. डीटीपीवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट चालतात, ज्यात आतली अक्षरं इंग्रजीची असतात आणि वरून फक्त मराठीचा मुखवटा असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला दिसत नाही. ती गप्प बसून राहिली. मग म्हणाली, "आईला वाचून दाखवायला सांगते." रोज आईलाच सांगते ती. त्यातून सुटका व्हावी म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

माझी रूममेट म्हणते, शाळेत असं मूल एखादंच, त्याच्यासाठी सगळ्या वर्गाला कशाला शिकवायचं? मला उलट वाटतं. वाचून दाखवणारं यंत्र वापरायला सगळ्यांना शिकवलं तरच ते त्या एकीचं वेगळेपण राहणार नाही. धाकटीच्या वर्गात धडपणे वाचता न येणारी दोन मुलंही आहेत, त्यांना डोळे चांगले असून हे लागणारच आहे. आणि दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा आहे. शाळांनी मुलांना सोयी पुरवायच्या हे त्यात स्पष्ट लिहिलंय, म्हणजे आपण उपकार करतोय अशातला भाग नाही.

स्टाफला एक विनंती आहे. मिनी प्रोजेक्टच्या सिनॉप्सिसवर गाइडची सही लागते, तशी ज्याच्यासाठी प्रोजेक्ट आहे त्याचीही लागू करा. सही येत नसेल तर अंगठा चालेल. तीन काठ्यांपैकी किती पास होतात बघू. आमची तर होणार नाही, लिहून देते.

आणि संपादकांना दुसरी. आपल्या मॅगझिनचा मराठी विभागही त्याच जुन्या फॉन्टमध्ये लागतो, मी प्रेसला विचारून आले. हा लेख मी युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्टने टाइप करून दिलाय, अडीच दिवस लागले. छापायला काय करायचं ते करा, पण मूळ फाइल तशीच मला परत द्या. मे महिन्यात मामाकडे जायचंय, आणि धाकटीने विचारलंय की माझ्याबद्दल काय लिहिलंस ते मी स्वतः ऐकणार.