बॉस्फोरसवरचा तिसरा पूल

इस्तंबूलच्या पुलाचा एक व्हिडिओ मध्यंतरी आमच्या शाळेतल्या बहुतेक घरांच्या मोबाइलवर फिरून गेला. ‘सर, माशाअल्लाह, केवढा मोठा!’ वर्गात हेच चालले होते. मागच्या बाकावरच्या मुलीने मात्र विचारले, ‘सर, मध्ये जागा मोकळी का आहे?’ मला हा प्रश्न कौतुकापेक्षा जास्त आवडला.

हा यावुझ सुलतान सलीम पूल. २०१६ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. दोन मनोऱ्यांमधले अंतर १४०८ मीटर, मनोरे ३२० मीटरहून उंच. वाहनांच्या मार्गिका चार इकडे, चार तिकडे. मधली जागा आगगाडीच्या दोन रुळांसाठी.

खरी अडचण या आगगाडीचीच. झुलता पूल म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी समजा. ओली चादर जिथे टाकाल तिथे दोरी खाली जाते, दुसरीकडे वर उचलली जाते. मोटारींना थोडेफार चालून जाते. शेकडो टनांच्या गाडीखाली रूळ असा हलला तर कसे चालेल?

दुसरा प्रकार तिरक्या तारांचा. मनोऱ्यापासून थेट पुलाच्या तक्त्यापर्यंत ताठ तारा. मनोरा, तक्ता आणि तार यांचा त्रिकोण होतो, आणि त्रिकोण सहजी आकार सोडत नाही. पण अंतर वाढले की लांबच्या तारा आडव्या होत जातात. आडवी तार तक्त्याला उचलते कमी आणि मनोऱ्याकडे ओढते जास्त.

फ्रान्सचे मिशेल व्हिर्लोजो आणि स्वित्झर्लंडचे जाँ-फ्रान्स्वा क्लाइन यांनी दोन्ही प्रकार जोडले. मनोऱ्यांकडे तिरक्या तारा, मधल्या भागाला झुलत्या पुलाचा दोर. रूळ कडेला ठेवले असते तर तक्ता पिळला गेला असता, म्हणून ते मध्ये.

व्हिडिओत न सांगितलेले मुलांना सांगावे का, याचा मी थोडा विचार केला. मग सांगितले. उद्घाटनाच्या दिवशी पुलावर रूळ नव्हते आणि पुढेही कित्येक वर्षे ती जागा रिकामीच राहिली. रस्त्यांसाठी जंगल तोडले म्हणून तिथल्याच लोकांनी विरोध केला होता. नावावरून अलेवी समाज दुखावला होता. वर्ग जरा हिरमुसला.

‘गाडीच नव्हती, तर जागा ठेवली कशाला?’ तीच मुलगी.

रूळ नंतर टाकता येतात, बेटा. पण गाडी पेलण्याइतका ताठपणा पूल बांधतानाच द्यावा लागतो.