करवंटीतला दाणा

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उंच इमारतींची दाटी झाली. पुण्या-नागपूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे तिथे नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत. नातवंडांकडे राहायला आलेली आजी सकाळी गॅलरीच्या कठड्यावर मूठभर तांदूळ टाकते. ते असतात चिमण्यांसाठी, पण येतात कबुतरे! मग खालच्या मजल्यावरून वाळत घातलेले कपडे घाण झाल्याची तक्रार येते आणि सोसायटीची नोटीस लागते. सून ओशाळते, आजी रुसते. खरे तर दोघींचेही चुकत नाही.

कबुतरांचा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली, तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर जास्तच जपायला हवे. 2025 मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून दादरला आंदोलन झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दाणा टाकणे हे पुण्य आणि शेजाऱ्याचा खोकला हाही खराच, असा तो पेच होता.

त्यावर एक घरगुती उपाय करून पाहण्यासारखा आहे. दाणा कठड्यावर पसरायचाच नाही, तो लहानशा, झुलत्या करवंटीत थापायचा. चिमणी आणि मनोली अशा ठिकाणी सहज लटकतात. जड अंगाच्या कबुतराला तिथे पाय रोवता येत नाहीत.

थंड देशांत असा खाऊ चरबीत बांधतात. आपल्याकडच्या उन्हात ती वितळते आणि पिसांना चिकटते, म्हणून इथे खळच बरी. एक वाटी बाजरी, अर्धी वाटी राळे आणि अर्धी वाटी तांदळाची कणी पाखडून घ्यावी. बेंगळुरूच्या दुकानात बाजरीला ‘सज्जे’ आणि राळ्याला ‘नवणे’ म्हणून मागावे. पाव वाटी कणीक पाऊण वाटी पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावी आणि मंद आचेवर दाट खळ होईपर्यंत ढवळावी. मीठ, साखर, तेल काहीही घालू नये. खळ कोमट झाली की तीत धान्य मिसळून करवंटीत पातळसर थापावे. दोन-तीन दिवस कडक उन्हात खडखडीत वाळवावे. करवंटीच्या डोळ्यातून काथ्याची दोरी ओवून ती खिडकीपासून थोडी दूर टांगावी. उरलेली फोडणीची पोळी किंवा खारे शेंगदाणे मात्र पाखरांना घालू नयेत.

हा खाऊ पावसाळ्यात करूच नये. ओलसर धान्याला बुरशी लागते आणि ती पाखरांच्या जिवावर बेतते. कोरड्या दिवसांतही आठवड्याने करवंटी फेकून नवी घ्यावी. घरात नारळ फुटतोच. दाणा ठेवायचा पण भांडे धुवायचे नाही, ही सवय किती महागात पडते ते ब्रिटनमध्ये दिसले. तिथे 2005 पासून ग्रीनफिंच या पाखरांमध्ये घशाच्या एका परजीवी रोगाची साथ पसरली. एकाच ठिकाणी गर्दीने खाण्यातून हा रोग फैलावतो. त्या पाखरांची संख्या इतकी घटली की 2021 मध्ये त्यांचे नाव धोक्याच्या यादीत गेले.

दहाव्या-बाराव्या मजल्यावर चिमणी सहसा फिरकत नाही. महिनाभर वाट पाहूनही कबुतरेच घुटमळत असतील, तर करवंटी उतरवावी. तिथे जास्वंदीची कुंडी अधिक कामाची. शिंजीर मधासाठी येतो, धान्याला तोंडही लावत नाही. चिमणीसुद्धा आपल्या पिलांना सुरुवातीला दाणे नव्हे, तर अळ्या-किडेच भरवते. म्हणून ज्या घरी कुंडीतल्या प्रत्येक किड्यावर औषध फवारले जाते, तिथे करवंटी टांगून फारसे साधत नाही.

याच रस्त्यावर कैकोंड्रहळ्ळीचा तलाव आहे. रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि त्याचे पुनरुज्जीवन झाले. तिथे वारकरी, पाणकावळे आणि हळदी-कुंकू बदके दिसतात. मुलांना हौसेने न्यावे, पण पावाची पिशवी घरीच ठेवावी. पाण्यात पडलेला पाव कुजतो आणि तलाव नासतो.

कोकणात नवान्नाला दारावर भाताच्या लोंब्या बांधतात. चिमण्या त्या आयत्या टिपतात. आजीला करवंटीचा खटाटोप नको असेल, तर गावाहून येताना लोंब्यांची अशी एक जुडी आणावी आणि गॅलरीत टांगावी. खाली पडलेले दाणे तेवढे संध्याकाळी झाडून घ्यावेत. शेजारी मातीच्या पसरट ताटलीत बोटभर पाणी ठेवावे आणि डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलावे.