टाके काढल्यानंतरचे दिवस

या वेळची सुट्टी रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी काढली. तिचे निम्मे दिवस दादाच्या ऑपरेशनमध्ये गेले. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, पंडरीच्या कापड बाजारात चौदा वर्षं एकाच दुकानात आहे. गठ्ठे उतरवायचे, गोदामात चढवायचे, हे त्याचं काम. जांघेत हर्निया झाला, जाळी बसवावी लागली. दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच ऑपरेशन माझं झालं होतं, त्यामुळे तुलना काही केल्या टळेना.

माझ्या वेळी मिलिटरी हॉस्पिटलमधून सुटताना हातात चार आठवड्यांची सिक लीव्ह होती. ती वर्षाच्या 60 दिवसांतून कापली गेली नाही, पगारही पूर्ण मिळाला. युनिटमध्ये परतलो तेव्हा मेडिकल कॅटेगरी खाली आणलेली होती. पळणं बंद, वजन उचलणं बंद, पीटी बंद, आणि हे सगळं कागदावर. सुभेदार साहेबांनी स्टोअरच्या रजिस्टरवर बसवलं. खरं सांगतो, मला लाज वाटायची. पलटण रूट मार्चला निघाली की मी मान खाली घालून बूट मोजत बसायचो. पुढे बोर्ड झाला आणि परत शेप-वन मिळाली.

दादाचा ऑपरेशनचा खर्च आयुष्मान कार्डावर झाला. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत इलाज, घरी आल्यावर पंधरा दिवसांची औषधंही त्यातच. पण ऑपरेशननंतर घरी बसायचं त्या दिवसांची मजुरी कोणी द्यायची, याचं उत्तर कुठल्याच कार्डावर नाही. शेठजी माणूस चांगला. "आराम करो, जितने दिन लगे" म्हणाले, घरी फळं पाठवली. पगाराचा विषय मात्र त्यांनीही काढला नाही आणि दादानेही नाही. वहिनीने वहीत हिशोब मांडला आणि तेराव्या दिवशी दादा दुकानात हजर.

सुटी देताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "गरू झन उठाबे." जड उचलायचं नाही. सकाळी तो बसून राहिला. दुपारी माल आला, एक पोरगा गैरहजर होता. दादाला कोणी उचल म्हणालं नाही, त्याने आपणहून उचललं. संध्याकाळी सूज आली आणि आम्ही परत दवाखान्यात. जाळी जागेवर होती, एवढं नशीब.

शेठजींना नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. माझे त्या वेळचे एक साहेब चांगलेच खडूस होते, त्यांनी फळं सोडाच, तब्येतही विचारली नाही. तरी त्यांना मला वजन उचलायला लावता येत नव्हतं, कारण कागद होता. शेठजींकडे मन होतं, कागद नव्हता. कारखान्यात ईएसआय लागू असेल आणि वर्गणी पुरेशी भरली असेल, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के मजुरी मिळते, आणि तो लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही. पण त्यासाठी साधारण दहा माणसं लागतात, पगार 21,000च्या आत लागतो. दादाच्या दुकानात माणसं सात.

सात माणसांचा दुकानदार एकाला दीड महिना घरी बसवून पगार कुठून देणार, हा प्रश्न खरा आहे. पलटणीत माझ्या जागी उभं राहायला दुसरे होते आणि पैसा सरकारचा होता. पण मीही चार आठवड्यांनंतर घरी नव्हतोच, रजिस्टरवर होतो. दुकानातही मीटर मोजणं, चलान लिहिणं, उधारीच्या वह्या बघणं ही कामं असतातच की. ती त्या माणसाला तारखेसकट नेमून द्यावी लागतात. नुसतं "सांभाळून कर" म्हटलं तर चौदा वर्षं गठ्ठे उचललेला माणूस सांभाळत नाही.

म्हणून डिस्चार्जचा कागद घेऊन मी दादाबरोबर दुकानात गेलो. रजा मागितली नाही, गादीजवळची जागा मागितली. शेठजींनी थोडा विचार केला आणि चलानाच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, 30 तारखेपर्यंत फक्त मोजणी, पगार पूर्ण. मागच्या तेरा दिवसांचं काहीच मिळालं नाही. मीही ताणलं नाही.

काल युनिटमधून फोन केला. दादा म्हणाला, बाकीचे गठ्ठे उचलतात आणि आपण मीटर घेऊन बसतो, फार अवघडल्यासारखं होतं. मी त्याला बुटांचं सांगितलं. तो हसला आणि हसताना दुखतं म्हणून शिवी घातली.