होय, मी राक्षस झालो होतो!

तर मंडळी, आज जरा भांडायचंय.

२०२३ सालच्या ३ फेब्रुवारीला, शुक्रवारी, अर्धा दिवस रजा टाकून मी तोक्योत मुलीच्या पाळणाघरात राक्षस झालो. लाल पुठ्ठ्याचा मुखवटा, दोन शिंगं आणि पॅंटवरून वाघाच्या पट्ट्यांची चड्डी. वीसेक पोरं किंचाळत माझ्यावर वर्तमानपत्राचे बोळे मारत होती (लहानग्यांच्या घशात खरे दाणे अडकू शकतात म्हणून बोळे). "ओनी वा सोतो, फुकु वा उची!" म्हणजे ओनी बाहेर, भाग्य आत. सगळ्यात जोरात मारत होती ती माझीच लेक.

फोटो ग्रुपवर टाकला आणि एका मित्राचा फोन आला. "अरे, एवढ्या बापांतून त्यांना राक्षस करायला परदेशीच सापडला? तुला कळत कसं नाही?" तेव्हापासून दर फेब्रुवारीत हा वाद निघतोच. आज एकदाचं उत्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

आधी सण काय आहे ते. सेत्सुबुन म्हणजे ऋतूंचा सांधा. जपानी पंचांगातला वसंत सुरू व्हायच्या आदला दिवस. तो सूर्यावर ठरतो, म्हणून बहुतेक वेळा ३ फेब्रुवारी, पण २०२१ आणि २०२५ मध्ये २ तारखेला आला होता. सांध्यातून वाईट आत शिरतं ही समजूत, म्हणून भाजलेले सोयाबीन फेकायचे आणि मग आपल्या वयाइतके दाणे खायचे. मूळ चीनमधून आलेला, रोगराई हाकलायचा दरबारी विधी. आज घराघरांत मुखवटा कोण घालतो? बहुधा बाप! आमच्या पाळणाघरात आदल्या वर्षी एका जपानी बाबांनी घातला होता. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्हालाच का म्हणून.

आता मित्राच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगतो. इथे 'बाहेर' असणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. घर शोधताना दोनदा एजंटने वाकून वाकून सांगितलं की मालकांना परदेशी नकोत. तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. पण राग खरा आहे म्हणून तो कुठेही काढायचा का? बग एका मॉड्यूलमध्ये आणि आपण दुसरंच उघडून बसायचं, असला हा प्रकार.

आणि 'ओनी बाहेर' या घोषणेवर इथल्या देवळांनी आपल्याआधीच विचार करून ठेवलाय. २०२४ ला ३ तारीख शनिवारी आली, तेव्हा असाकुसाच्या सेन्सोजीला गेलो. तिथे 'ओनी बाहेर' म्हणतच नाहीत! कान्नोनच्या समोर ओनी असूच शकत नाही, मग हाकलायचं कुणाला? नारीताच्या शिन्शोजीतही नुसतं भाग्याला बोलावतात. नारा प्रांतात योशिनोला किन्पुसेन्जी आहे, तिथे तर म्हणतात, 'भाग्य आत, ओनीही आत'. देशभरातून हाकललेल्या ओनींना तिथे आसरा देतात आणि सन्मार्गाला लावतात. क्योतोच्या रोझानजीत लाल, हिरवा आणि काळा असे तीन ओनी नाचतात, ते म्हणजे लोभ, द्वेष आणि अज्ञान. आपल्याला षड्रिपू माहीत असताना हे समजायला अवघड का जावं?

पाळणाघरातल्या बाईंनीही तेच केलं. प्रत्येक मुलाला विचारलं, तुझ्या पोटात कुठला ओनी आहे? कुणी म्हणालं रडका ओनी, कुणी भाजी न खाणारा ओनी. आमच्या बाईसाहेबांचा होता रात्री न झोपणारा ओनी. तो काही गेला नाही, ते सोडा!

आता मुद्द्याचं. आपण आपल्या सणाला जपानी शेजाऱ्याला बोलावतो तेव्हा काय करतो? फेटा बांधतो, पहिल्या रांगेत बसवतो, मोदक देतो आणि फोटो काढतो. आरतीचं तबक त्याच्या हातात कधी दिलंय? मोदक वळायला कधी बसवलंय? आपण त्याला मान देतो आणि पाहुणाच ठेवतो. तसंच आपण सेत्सुबुनला देवळात जातो, मोबाईल उंच धरतो, उधळलेल्या दाण्यांसाठी धक्काबुक्की करतो आणि 'जपानी संस्कृतीचा अनुभव' असं लिहून मोकळे होतो. हा कसला अनुभव? प्रेक्षकच की आपण.

पाहुण्याला पाट मिळतो, घरच्याला काम. मला काम मिळालं. तेही असं, की ज्यात वीस पोरांनी मला बिनधास्त मारावं आणि मी धडपडत दाराबाहेर पळावं. दोन मिनिटांनी मुखवटा काढून परत आत आलो तर एक मुलगा अजून हुंदके देत होता. त्याने माझं बोट धरलं आणि म्हणाला, "ओनी गेला, आता घाबरू नका हं."

मित्रा, आता सांग, मी बाहेर होतो की आत?

असो. मुखवटा अजून कपाटावर आहे. पुढच्या फेब्रुवारीत तू घालून बघ, मग भांडू.